खासगी यॉट परदेशी न्यायला सेफ्टी सर्टिफिकेट काहून लागतं: जालन्याच्या एका प्रश्नाला सविस्तर उत्तर

जालन्याहून एका दादांनी विचारलंय. त्यांचा धाकटा भाऊ ऑकलंडला नोकरीला आहे, तिथं त्यानं अन् दोन मित्रांनी मिळून एक जुनी अकरा-बारा मीटरची यॉट घेतली, न्यूझीलंडच्या झेंड्याची, आणि पुढच्या मे महिन्यात ती टोंगाला न्यायची म्हणतोय आणि या दादांना पण क्रू म्हणून बोलवायलाय. प्रश्न असा आहे की स्वतःच्या पैशाची बोट, भाडं घ्यायचं नाही, प्रवासी नाहीत, तरी तिथलं सरकार सर्टिफिकेट मागतं ते कशासाठी, आणि एका मित्राचं म्हणणं आहे की बोटीचा झेंडाच बदलून टाकला तर ही कटकट जाते, ते खरं का. आणि तिसरं, जालन्याच्या माणसाला समुद्राचा काही अनुभव नाही तर त्याला घेऊन जाऊ देतील का.

मी मूळचा उदगीरचा, मर्चंट नेव्हीत होतो, नंतर बरीच वर्षं यॉटचे सर्व्हे आणि सेफ्टी इन्स्पेक्शन याच कामात गेली, आता लातूरला असतो. हा विषय माझ्या लई जवळचा आहे त्यामुळं उत्तर लांब होणार, सवडीनं वाचा, आणि भावाला पण पाठवा.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू. न्यूझीलंडचा मेरीटाइम ट्रान्सपोर्ट ॲक्ट, १९९४ म्हणून कायदा आहे, त्याचं कलम २१ खास खासगी बोटींसाठीच आहे. त्यात म्हटलंय की न्यूझीलंडच्या कुठल्याही बंदरातून देशाबाहेर जायला निघणाऱ्या खासगी बोटीच्या कप्तानानं आधी मेरीटाइम न्यूझीलंड या तिथल्या सरकारी सागरी सुरक्षा खात्याच्या डायरेक्टरला कळवायचं, आणि बोट, तिच्यावरचं सेफ्टीचं सामान आणि क्रू हे सगळं त्या प्रवासाला पुरेसं आहे अशी डायरेक्टरची खात्री पटली पाहिजे, त्याशिवाय निघायचं नाही. जबाबदारी कप्तानावर टाकलीय, मालकावर नाही, हे ध्यानात ठेवा, तिघं मालक असले तरी कागदावर एकच स्किपर असतो आणि उद्या काही झालं तर विचारणा त्यालाच होते. प्रत्यक्ष तपासणी यॉटिंग न्यूझीलंड या संस्थेनं नेमलेले इन्स्पेक्टर करतात आणि जे सर्टिफिकेट मिळतं त्याला कॅटेगरी वन म्हणतात.

ही कॅटेगरी म्हणजे काय, तर लांब पल्ल्याच्या शर्यतींसाठी जगभर वर्ल्ड सेलिंग या आंतरराष्ट्रीय संघटनेचे नियम चालतात, त्यात शून्य ते चार अशा पायऱ्या आहेत. चार म्हणजे किनाऱ्याजवळ, उजेडात, निवाऱ्याच्या पाण्यात. एक म्हणजे किनाऱ्यापासून लांब, जिथं बोटीनं बरेच दिवस स्वतःच्या जिवावर राहायचं, मोठं वादळ सोसायचं आणि बाहेरून मदत येईल हे धरूनच चालायचं नाही. शून्य त्याच्याही पुढची, महासागर ओलांडायच्या शर्यतींची. न्यूझीलंडनं याच धर्तीवर आपले नियम बनवलेत. तर हे शेवटचं वाक्य, मदत येईल हे धरून चालायचं नाही, यातच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे बघा.

आपल्याकडं गाडीचं पासिंग असतं तसलंच हे असं लोकांना वाटतं, पण पासिंग नसलेली गाडी सोलापूर रोडला बंद पडली तर तासाभरात कोणीतरी येतं, ट्रॅक्टरवाला तरी दोरी बांधून ओढून नेतो. बे ऑफ आयलंड्समधल्या ओपुआहून टोंगाचं नुकुआलोफा साधारण हजार सागरी मैल आहे, म्हणजे साडेअठराशे किलोमीटरच्या आसपास. तुमच्या भावाची बोट पाच-सहा नॉटनं, म्हणजे ताशी पाच-सहा सागरी मैलांनी चालणार, म्हणजे सात-आठ दिवस. मधे मिनर्व्हा रीफ सोडला तर थांबायला काही नाही आणि तो रीफ म्हणजे सुद्धा भरतीला पाण्याखाली जाणारी प्रवाळाची कडा आहे, तिथं ना माणूस ना दुकान. हेलिकॉप्टर एवढं लांब येऊ शकत नाही. विमान येतं, वरून राफ्ट टाकतं, घिरट्या घालतं, पण उचलून नेऊ शकत नाही. उचलणार कोण, तर जवळपास जे कुठलं मालवाहू जहाज असेल ते. न्यूझीलंडच्या रेस्क्यू सेंटरकडं जो समुद्र आहे तो सुमारे ३ कोटी चौरस किलोमीटर आहे, आपल्या अख्ख्या भारताच्या नऊपट, एवढ्यात जहाज तुमच्याजवळ किती वेळानं पोचेल याचा नेम कोण देणार.

१९९४ च्या जूनमध्ये तिथं राणीच्या वाढदिवसाच्या सुट्टीच्या शनिवार-रविवारी एक वादळ आलं. तिकडं जूनला थंडी लागते, तिच्या तोंडावर बऱ्याच यॉट टोंगाकडं निघालेल्या होत्या, अगदी तुमच्या भावाला जायचंय त्याच रस्त्यानं आणि त्याच सीझनला. वाऱ्यानं बोटी आडव्या पाडल्या, काही पूर्ण उलट्या झाल्या, डोलकाठ्या गेल्या. २१ माणसं वाचवली, त्यात नौदलाचं जहाज, फ्रेंच जहाज, मालवाहू जहाज, ओरायन विमानं असे सगळे राबले. क्वार्टरमास्टर नावाच्या बोटीवरची तीन माणसं मात्र परत आली नाहीत. त्या दिवसांच्या नोंदी ज्यांनी वाचल्या त्यांना कलम २१ काहून आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. आणि वाचवायला जाणाऱ्यांचा पण जीव असतो, ते पण कोणाचे तरी बाप-भाऊ असतात. बोट खासगी असली तरी तिला हुडकायला जाणारी यंत्रणा खासगी नसते, म्हणून सरकारला त्यात बोलायचा हक्क आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

आता झेंड्याचं. मित्राचं म्हणणं कायद्यानं बरोबर आहे, अर्धवट नाही, पूर्ण बरोबर आहे. माल्टाच्या झेंड्याची निंबस नावाची एक यॉट होती, तिचा स्किपर रेडिओ आणि इमर्जन्सी बीकन, म्हणजे संकटात सिग्नल पाठवणारं यंत्र, यांच्या अटी पाळल्या नाहीत तरी निघून गेला, त्याच्यावर खटला झाला, खालच्या कोर्टात शिक्षा झाली, आणि १९९८ साली न्यूझीलंडच्या कोर्ट ऑफ अपीलनं ती रद्द केली. कोर्टानं म्हटलं की परदेशी झेंड्याच्या बोटीची बांधणी, सामान, क्रू यांचे नियम खुल्या समुद्रावर लागू होतील अशा पद्धतीनं बंदराचा देश आपल्या मनानं लादू शकत नाही, ते काम झेंड्याच्या देशाचं. संयुक्त राष्ट्रांच्या समुद्र कायद्यात, म्हणजे १९८२ च्या करारात, कलम ९४ मध्ये हेच आहे, जहाजाची बांधणी, सामान, माणसं याची जबाबदारी ज्याचा झेंडा त्याची. तेव्हापासून न्यूझीलंडमधून परदेशी यॉट कॅटेगरी वन शिवाय निघू शकतात आणि दरवर्षी निघतात.

पण त्याच्या पुढचं पण ऐका. २०१३ च्या मे महिन्याच्या शेवटी ओपुआहून नीना नावाची एक जुनी, १९२८ सालची लाकडी स्कूनर, म्हणजे दोन डोलकाठ्यांची शिडाची बोट, ऑस्ट्रेलियाच्या न्यूकॅसलला निघाली, वर सात माणसं. अमेरिकन झेंडा, त्यामुळं तपासणी बंधनकारक नव्हती. ४ जूनला वादळात शेवटचा संपर्क झाला आणि त्यानंतर बोट नाही, माणूस नाही, राफ्ट नाही, लई मोठा समुद्र पालथा घातला तरी काही सापडलं नाही. तपासणी झाली असती तर ती वाचली असती असं मी म्हणणार नाही, ते कोणालाच सांगता येणार नाही. मी एवढंच म्हणतो की झेंडा बदलून तुम्ही इन्स्पेक्टर टाळता, वादळ टाळत नाही, आणि ज्या बोटीवर तुम्ही स्वतः चढणार तिच्याबाबतीत पैसे वाचवायची ही जागा नव्हे. शिवाय झेंडा बदलणं म्हणजे स्टिकर बदलणं नाहीये, जुनं रजिस्ट्रेशन बंद करा, नवीन देशात मालकीची पात्रता बघा, एमएमएसआय, म्हणजे बोटीचा रेडिओवरचा ओळख नंबर, बदलतो, रेडिओ आणि बीकन परत कोड करावे लागतात, विमा कंपनीला कळवावं लागतं. एवढ्या खटाटोपात तपासणी दोनदा होऊन जाते.

बाकीच्या देशांत काय आहे ते थोडक्यात सांगतो कारण नेटवर वाचून गोंधळ होतो. ब्रिटनमध्ये १३.७ मीटरपेक्षा लहान खासगी बोटीला सामानाची सक्ती जवळपास नाहीच, सोलास या आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा कराराच्या पाचव्या प्रकरणातल्या काही गोष्टी तेवढ्या आहेत, म्हणजे प्रवासाचं नियोजन, रडार रिफ्लेक्टर वगैरे. फ्रान्सच्या झेंड्याला डिव्हिजन २४० म्हणून नियम आहेत, किनाऱ्यापासून ६० मैलांच्या पुढं गेलं की यादी मोठी होते. युरोपात विकल्या जाणाऱ्या बोटीवर सीई मार्क आणि बोट किती खवळलेल्या समुद्राला झेपेल हे सांगणारं ए, बी, सी, डी यातलं एक अक्षर असतं, पण ते डिझाइनचं अक्षर आहे, बोट कारखान्यातून निघाली तेव्हाचं, वीस वर्षांनी तिच्या कीलच्या, म्हणजे बोटीखालच्या वजनदार पात्याच्या, बोल्टची हालत काय आहे हे ते अक्षर सांगत नाही. लोक ए कॅटेगरीची बोट आहे म्हणून बिनधास्त होतात, तसं होऊ नका. निघण्याआधी अख्ख्या खासगी बोटीची तपासणी सक्तीची करणारे देश मोजकेच आहेत आणि न्यूझीलंडचं नाव त्यात सगळ्यात आधी घेतात.

आता इन्स्पेक्टर बोटीवर येऊन बघतो काय. यादी छापलेली मिळते, ती मी इथं उतरवत नाही, पण त्यातल्या ज्या गोष्टींवर लोक अडकतात आणि ज्यानं खरंच जीव जातो किंवा वाचतो त्या सांगतो.

पहिला लाइफराफ्ट, म्हणजे बोट बुडाली तर उतरायचा फुगवायचा तराफा. बहुतेक जण राफ्ट भारीतला घेतात, सर्व्हिस पण करून आणतात आणि मग तो बोटीवर असा बांधतात की तो सुटूच शकत नाही. वर्ल्ड सेलिंगचा नियम आहे की राफ्ट १५ सेकंदांत पाण्यात सोडायला तयार पाहिजे. मी बोटीवर गेलो की स्किपरला नाही सांगायचो, क्रूमधल्या सगळ्यात नवीन माणसाला सांगायचो की राफ्ट सोडून दाखव, म्हणजे प्रत्यक्षात फुगवायचा नाही, पट्टे सोडून कठड्यापर्यंत आणायचा. तिथंच सगळं कळतं. बकल गंजलेलं, वर डिंगी, म्हणजे छोटी होडी, बांधून ठेवलेली, नाहीतर राफ्ट खाली केबिनमध्ये झोपायच्या गादीखाली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पेंटर, म्हणजे ती दोरी जी ओढली की राफ्ट फुगतो, ती बोटीला बांधलेलीच नसते. मग राफ्ट पाण्यात टाकला की तो वाऱ्यावर निघून जाणार आणि तुम्ही बघत बसणार. हायड्रोस्टॅटिक रिलीज, म्हणजे बोट बुडाली की पाण्याच्या दाबानं राफ्ट आपोआप सोडणारं यंत्र, लावलं असेल तर त्याच्यावरची तारीख बघा, ते साधारण दोन वर्षांनी बदलावं लागतं. २०१४ मध्ये अटलांटिकमध्ये चीकी रफीकी नावाच्या ब्रिटिश यॉटची कील तुटून पडली, चौघंही गेले, नंतर अमेरिकन नौदलाला ती बोट उलटी तरंगताना सापडली तेव्हा राफ्ट आपल्या जागेवर तसाच होता. राफ्ट असणं आणि राफ्ट वापरता येणं यात एवढा फरक आहे.

त्याच घटनेमुळं कीलकडं सगळ्यांचं लक्ष गेलं. भावाची बोट जुनी आहे, म्हणून बोट पाण्याबाहेर काढून कील, कीलचे बोल्ट, रडर म्हणजे सुकाणूचं पातं आणि त्याचा दांडा जाणकाराकडून बघून घ्या. बोट खाली कधी खडकाला किंवा गाळाला लागली होती का हे जुन्या मालकाला विचारा, आणि तो नाही म्हणाला तरी बघून घ्या. रिगिंगचं, म्हणजे डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारांचं पण तसंच, तारा वरून चकचकीत दिसतात आणि स्वेजच्या, म्हणजे टोकाला दाबून बसवलेल्या नळीच्या, आत गंजलेल्या असतात. बऱ्याच विमा कंपन्या जुनं रिगिंग असलं की समुद्रापारचा विमाच देत नाहीत, तेव्हा बदलल्याची पावती जपून ठेवा.

मग भोकं. बोटीच्या पोटाला जिथं जिथं पाणी आत-बाहेर जायला भोक आहे तिथं सीकॉक, म्हणजे बंद करायचा कॉक, असतो, आणि प्रत्येक सीकॉकजवळ त्या मापाची मऊ लाकडाची खुंटी बांधून ठेवायची असते. लोक बारा खुंट्यांचं पाकीट विकत आणून कपाटात ठेवतात. रात्री दोनला गुडघाभर पाण्यात, अंधारात, पाईप फुटलेला असताना कपाटातलं पाकीट कोण शोधणार? जागेवरच दोरीनं बांधा. बिल्ज पंप, म्हणजे बोटीच्या तळात साचलेलं पाणी काढणारे, दोन लागतात, हातानं चालणारे, एक वरून चालवता आला पाहिजे आणि एक आतून, दारं बंद ठेवून. आणि दणकट बादल्या दोन, प्रत्येकी किमान नऊ लिटरच्या, दोरीसकट. बादलीला कोणी कमी समजू नका, घाबरलेल्या माणसाच्या हातातल्या बादलीएवढा वेगानं पाणी काढणारा पंप लहान बोटीवर सहसा नसतो.

बोट पूर्ण उलटी झाली तर, असा प्रश्न धरून आतलं सगळं बघतात. बॅटऱ्या पट्ट्यानं नाही, बोल्टच्या चौकटीत अडकवलेल्या पाहिजेत. गॅसची शेगडी तिच्या खाचेतून निघून येता कामा नये. पायाखालच्या फळ्या, जड नांगर, टूलबॉक्स, डब्यांचं रेशन, सगळं अडकवलेलं पाहिजे. १९९४ च्या वादळात आणि त्याआधी १९७९ च्या फास्टनेट या ब्रिटनच्या यॉट शर्यतीत माणसं नुसती पाण्यानं नाही तर आतल्या सुटलेल्या सामानानं पण जखमी झाली. कंपॅनियनवेच्या फळ्या, म्हणजे केबिनच्या दाराला लावायच्या त्या, आतून-बाहेरून अडकवता आल्या पाहिजेत आणि दोरीनं बोटीला बांधलेल्या पाहिजेत, नाहीतर पहिल्याच लाटेला फळी गेली की समुद्र थेट घरात.

फास्टनेटचं निघालंच आहे तर एक गोष्ट भावाच्या डोक्यात पक्की बसवा. त्या शर्यतीत ३०३ बोटी निघाल्या होत्या, शर्यतीतले १५ जण गेले, २४ बोटी क्रूनं सोडून दिल्या. त्या २४ पैकी फक्त पाच बुडाल्या, बाकीच्या नंतर तरंगताना सापडल्या. राफ्टमध्ये उतरलेली काही माणसं गेली आणि त्यांनी सोडलेली बोट मात्र तरंगत राहिली. १९९४ ला पण सोडून दिलेल्या बोटी नंतर सापडल्याच. बोट बुडतेय, पायाखालून जातेय, तेव्हाच राफ्टमध्ये जायचं, भीती वाटतेय म्हणून नाही. हे वाचायला सोपं आहे, पण तीन दिवस झोप नसलेल्या, उलट्या करून करून गळालेल्या माणसाला त्या रात्री ते आठवलं पाहिजे, म्हणून आधी बोलून ठेवायचं, क्रूमध्ये बसून, शांतपणे.

सुकाणू गेलं तर काय, हे इन्स्पेक्टर नुसतं विचारत नाही, करून दाखवा म्हणू शकतो. इमर्जन्सी टिलर, म्हणजे चाक बिघडलं तर सुकाणू फिरवायचा दांडा, असतो बहुतेक बोटींवर, पण तो कधी लावून बघितलेला नसतो, आणि लावायला गेलं की चाकाच्या खांबाला अडतो. रडरच तुटून गेला तर मागं ड्रोग, म्हणजे पाण्यात ओढत न्यायचं अडथळ्याचं कापड, किंवा दोऱ्या सोडून बोट वळवता येते का ते एका रविवारी बंदराबाहेर जाऊन करून बघा. वादळाच्या शिडांचं पण हेच. स्टॉर्म जिब आणि ट्रायसेल ही वादळात लावायची लहान शिडं पिशवीत नवीकोरी असतात, घड्या सुद्धा मोडलेल्या नसतात. बंदरात वारा नसताना ती एकदा चढवा, कुठली दोरी कुठून जाते ते ठरवा, त्या जागेवर खुणा करा.

जॅकस्टे आणि टेदर म्हणजे डेकवर पुढून मागं ताणलेला पट्टा आणि त्याला स्वतःला अडकवायची दोरी. जॅकस्टेची ताकद दोन टनांच्या वर लागते, नियमात २०४० किलोचा आकडा आहे, आणि टेदर दोन मीटरपेक्षा लांब नको. माझं म्हणणं याच्याही पुढं आहे, पट्टा असा बांधा की अडकवलेला माणूस कठड्याबाहेर जाऊच शकणार नाही, कारण टेदरला लटकून पाण्यात ओढत गेलेला माणूस पण बुडतो. आणि बूम, म्हणजे शिडाची आडवी दांडी, तिच्यापासून सावध. २०१६ मध्ये प्लाटिनो ही न्यूझीलंडची यॉट ऑकलंडहून फिजीला निघाली होती, बूम बेकाबू झाली, दोघं गेले, उरलेल्या तिघांना एका मालवाहू जहाजानं उचललं. ती बोट लहान नव्हती, साधी नव्हती, चालवणारे अनाडी नव्हते. म्हणून प्रिव्हेंटर, म्हणजे बूम अडवून धरणारी दोरी, ती आणि ती जिथं बांधता ते कडं, दोन्ही तपासा, हे मी प्रत्येकाला वेगळं सांगतो.

मदत मागायची साधनं. ४०६ मेगाहर्ट्झचा ईपर्ब, म्हणजे उपग्रहामार्फत संकटाचा सिग्नल देणारा बीकन, लागतोच, जुने १२१.५ वाले बीकन उपग्रहांनी ऐकणं २००९ च्या फेब्रुवारीतच बंद केलं, जुन्या बोटीच्या कपाटात तसला सापडला तर त्याच्यावर विसंबू नका. ईपर्ब रजिस्टर करणं फुकट आहे आणि तिथंच लोक आळस करतात. बोट विकली जाते आणि बीकन जुन्या मालकाच्या नावावर राहतो, मग सिग्नल गेला की रेस्क्यूवाले जुन्या मालकाला फोन करतात आणि तो म्हणतो मी तर घरी आहे. तुमच्या भावानं सेकंडहँड बोट घेतलीय, हे काम आजच करायला सांगा, आणि तातडीचा संपर्क म्हणून जालन्याचा नंबर देण्यापेक्षा तिथला, रात्री उचलला जाईल असा, प्रवासाचा प्लॅन माहीत असलेल्या माणसाचा नंबर द्या, जालन्याचा दुसरा ठेवा. त्याशिवाय जवळच्या पल्ल्याचा व्हीएचएफ रेडिओ, लांब पल्ल्याचा एसएसबी रेडिओ नाहीतर सॅटेलाइट फोन, आणि डोलकाठी गेली तर तिच्यावरचा अँटेना पण जातो म्हणून व्हीएचएफचा जादा अँटेना. आपल्या नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी २०१८ मध्ये एकट्यानं जगाला वळसा घालायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत असताना दक्षिण हिंदी महासागरात डोलकाठी मोडून, पाठीला मार लागून बंकमध्ये पडून होते, हलता येत नव्हतं, तेव्हा हाताशी असलेल्या छोट्या सॅटेलाइट टेक्स्ट यंत्रावरून त्यांचे मेसेज गेले, तिसऱ्या दिवशी फ्रेंच गस्ती जहाज ओसिरिस पोचलं. म्हणजे साधन झोपलेल्या जागेवरून हाताला येईल असं पण एक पाहिजे. मोठ्या आदरानं सांगतो, तोच माणूस पुढच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत परत उतरला आणि २०२३ ला दुसरा आला.

आता तुमचं स्वतःचं. कायद्यात क्रू पुरेसा पाहिजे असं आहे आणि इन्स्पेक्टर क्रूची यादी बघतो, कोणाला काय अनुभव, कोणाकडं फर्स्ट एडचं सर्टिफिकेट, कोणाला रेडिओ येतो, सी सर्व्हायव्हल कोर्स कोणी केलाय. वर्ल्ड सेलिंगच्या नियमात कॅटेगरी वनला स्किपर धरून किमान दोघांनी आणि क्रूच्या ३० टक्क्यांनी तो कोर्स केलेला लागतो. नवीन माणूस नेता येतो, पण बाकीचे पक्के असले तर. त्यामुळं तुम्ही जालन्याचे म्हणून कोणी अडवणार नाही, पण भाऊ आणि त्याचे दोघं मित्र, या तिघांचाच अनुभव ऑकलंडजवळच्या आखातात फिरण्यापुरता असेल तर इन्स्पेक्टर थांबवेल, आणि त्यानं थांबवावं. अशावेळी एक अनुभवी माणूस सोबत घेतात, समुद्रापार जाऊन आलेला, असे लोक तिथं क्लबात भेटतात.

आपल्याकडं बहुतेकांनी पोहणं विहिरीत शिकलेलं असतं आणि आपल्याला पोहता येतं याचा भरवसा असतो. चांगलंच आहे, पण कोर्समध्ये कपडे, बूट, फुगलेलं लाइफजॅकेट घालून उलटा पडलेला राफ्ट सरळ करायचा आणि दमलेल्या माणसाला आत ओढून घ्यायचं असतं, ते पोहण्यापेक्षा फार निराळं आहे. तुम्ही पोचल्यावर पहिल्या आठवड्यात तो कोर्स करून घ्या. उलटीची गोळी कोणती सोसते ते आधीच लहान फेरीत बघून ठेवा. दिवसरात्र आळीपाळीनं जागायचं असतं, तर निदान दोन रात्री किनाऱ्याजवळ तसं चालवून बघा. तुमच्या वहिनी आणि आई घरी काळजी करत असतील तर त्यांना रोजची ठरलेली वेळ देऊ नका, रोज मेसेज येईलच असं सांगू नका, एखादा दिवस मेसेज चुकतो आणि इकडं घरात चूल पेटत नाही. त्याऐवजी सांगा की अमुक तारखेपर्यंत पोचलो नाही तर या नंबरला फोन करा.

इन्स्पेक्टरला बोलवायचं कधी, हा सगळ्यात जास्त चुकणारा भाग. लोक निघायच्या आठवड्यात बोलावतात, हवामान चांगलं दिसायलेलं असतं, रजा टाकलेली असते, आणि तो वीस गोष्टी लिहून देतो, मग भांडण. मेला निघायचं तर आत्ताच, पाच-सहा महिने आधी एकदा बोलवा, त्याला म्हणा पास-नापास नंतर बघू, आधी काय काय करावं लागेल ते सांगा. तो माणूस स्वतः समुद्र पार केलेला असतो बहुतेक वेळा, त्याच्याशी दोन तास बोलून जे कळतं ते कुठल्या व्हिडिओत नाही. राफ्टची सर्व्हिस, रिगिंग, कोर्सच्या जागा, हे सगळं एप्रिलमध्ये सगळ्यांनाच पाहिजे असतं. चक्रीवादळाचा सीझन नोव्हेंबर ते एप्रिल असतो, म्हणून सगळे मेमध्ये एकदम निघतात. आणि तारीख ठरवून घेऊ नका, मेच्या शेवटी म्हणा, परतीचं विमानाचं तिकीट बदलता येईल असं काढा. तारखेच्या घाईनं निघालेली बोट मला सर्टिफिकेट नसलेल्या बोटीइतकीच खटकते.

शेवटी त्यांनी असं पण विचारलंय की पुढं कधी बोट मुंबईला आणून भारताच्या झेंड्याखाली करता येईल का. येईल, पण ते निराळं काम आहे. आपल्याकडं रजिस्ट्रेशन डीजी शिपिंग, म्हणजे जहाज वाहतुकीचं केंद्र सरकारचं खातं, त्याच्या हाताखालच्या मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंटकडं जातं, कायदा इतकी वर्षं १९५८ चा होता, २०२५ साली संसदेनं नवा मर्चंट शिपिंग कायदा मंजूर केलाय, तेव्हा जुने ब्लॉग वाचून तयारी करू नका, थेट ऑफिसला विचारा. परदेशातून आणलेल्या बोटीला कस्टम ड्यूटीचा विषय पहिला येतो. रेडिओचं लायसन्स दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी या वायरलेस परवाने देणाऱ्या विभागाकडून, एमएमएसआय मग ५१२ ऐवजी ४१९ नं सुरू होणार आणि ईपर्बचं कोडिंग पण बदलणार. आणि एक गोष्ट मी मोठ्या अक्षरात लिहिली असती, इरिडियम किंवा थुराया सॅटेलाइट फोन, आणि ते छोटे सॅटेलाइट मेसेंजर सुद्धा, दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय भारतात बाळगता येत नाहीत. विमानतळावर बॅगेत सापडले म्हणून परदेशी पाहुण्यांना पोलिस ठाण्यात नेलंय. तिकडं जीव वाचवणारं यंत्र म्हणून घेतलेलं तुम्ही परत येताना सहज बॅगेत टाकून आणाल, तसं करू नका, भावाकडंच ठेवून या.

भावाला सांगा बोटीचं वय, कील कधी उघडून बघितली ते, रिगिंग बदलल्याचं वर्ष आणि राफ्टवरची शेवटच्या सर्व्हिसची तारीख एवढं लिहून पाठव, त्यावरून आधी कशावर पैसे खर्च करायचे ते मी सांगतो.